घाण्यामागे पळीभर तेल : नाशिकच्या देणगीदारांना खुलं पत्र

प्रति,
सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी निधी) समित्या
व नाशिक शहरातल्या शैक्षणिक न्यासांचे विश्वस्त

विषय : ॲक्चुअरी होऊ पाहणाऱ्या आणि गणित शिकणाऱ्या मुलांची मधेच तोडलेली मदत

स.न.वि.वि.

मी विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेली बाई. तेहतीस वर्षं हप्त्यांचे तक्ते उघडले आणि मिटले. गेली नऊ वर्षं देवळाली गावातल्या एका शाळेत, जिन्याखालच्या खोलीत, रविवारी सकाळी गणिताचा वर्ग घेते. फी नाही. आठवीची पोरं येतात, बी.एस्सी.ची येतात, मधूनच एखादा पोलीसभरतीवालाही येऊन मागच्या बाकावर बसतो. खडू माझे, चहा माझा, पंखा शाळेचा. याबद्दल काही म्हणणं नाही, हौसेने करते.

म्हणणं आहे ते एप्रिलमध्ये आलेल्या एका पत्राबद्दल. वर्गातल्या चार मुलांची ॲक्चुअरीच्या, म्हणजे विम्याची जोखीम आणि हप्ता गणिताने काढणाऱ्याच्या, परीक्षेची फी शहरातला एक न्यास भरत होता, आणि न्यासाला ते पैसे एका कारखान्याच्या सीएसआरमधून मिळत होते. पत्र चार ओळींचं. प्राधान्यक्रम बदलले, या वर्षापासून शिष्यवृत्ती बंद, आपल्या कार्यास शुभेच्छा. न्यासाचं नाव मी लिहिणार नाही, कारखान्याचंही नाही. माणसं वाईट नाहीत. आणि खालची सही बदलली तर तेच पत्र तुमच्यापैकी कुणाचंही असू शकतं. म्हणून हे तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे.

पत्र आलं तेव्हा परीक्षेच्या नोंदणीची मुदत संपायला पाच दिवस होते. माझी पेन्शन, एका जुन्या सहकाऱ्याची मदत, शेजारच्या मेडिकलवाल्याने न मागता दिलेले दोन हजार, असं करत तिघांची फी जमली. राहिली चौथी. ती पेठ तालुक्यातली मुलगी आहे. भातकापणी उरकली की तिचे आईवडील दिंडोरीकडे द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, मग काढणी. ती इथे वसतिगृहात राहून संख्याशास्त्र घेऊन पदवी करते. मी पैशांची जुळवाजुळव करत होते तेव्हा म्हणाली, "बाई, माझी राहू द्या. त्या तिघांचा अभ्यास झालाय, माझा अजून कच्चा आहे."

खोटं बोलली. तिच्या वह्या मी तपासते, मला माहीत आहे.

त्यातल्या एका वहीच्या शेवटच्या पानाबद्दल सांगते, म्हणजे मी कशासाठी भांडते आहे ते कळेल. वर प्रश्न लिहिलेला : गारपीट झाली तर बागायतदाराचा विमा असतो, आमची बुडालेली मजुरी कोण देतं? द्यायची म्हटली तर मजुरामागे हप्ता किती बसेल? खाली तक्ता. कुठल्या हंगामात किती रोज बुडाले ते तिने आईला विचारून भरलं होतं. आईला साल आठवत नाही. ती सांगणार, 'धाकट्याचं बारसं झालं त्या हंगामात', 'नोटा बंद झाल्या त्याच्या आदल्या उन्हाळ्यात'. मुलीने प्रत्येक आठवणीसमोर साल बसवलं होतं, जिथे खात्री नव्हती तिथे पेन्सिलने. मग सरासरी, मग फरक किती पडतो ते, मग एक अंदाज. चुका होत्या. सात-आठ हंगामांवरून एवढं बोलता येत नाही, हे मी तिला सांगितलं. तिने ते समासात लिहून घेतलं. पण प्रश्न बघा. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ ला आली. शेतकऱ्याने खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी व फळपिकांना ५ टक्के भरायचे, त्यावरचा हप्ता सरकारांनी. पूर्ण दर किती लागायचा, त्याला कागदोपत्री नावच 'ॲक्चुअरियल दर' आहे. म्हणजे निफाडच्या बागेवर काय संकट येऊ शकतं याचा आकडा कुणीतरी, कुठल्यातरी टेबलावर बसून काढतं. त्या टेबलावर पेठची मुलगी बसली तर बागेत राबणाऱ्याची ओळही तक्त्यात येईल. मुंबईत वाढलेल्या हुशार पोराला ती सुचणार नाही. त्यात त्याचा दोष नाही, त्याने ती पाहिलेलीच नसते.

ॲक्चुअरी, ज्याला मराठीत विमागणिती म्हणतात, तो कोण हे तुम्हाला सांगायला नको. दर मार्चअखेर तुम्ही एकाला पैसे देता. तुमच्या कामगारांच्या ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे नोकरी संपताना द्यायच्या रकमेच्या, हिशेबासाठी. सूत्र साधं, वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, कंपनीच्या लेखापालालाही येतं. पण ज्यांना ती अजून द्यायचीच आहे त्यांच्यापैकी किती टिकतील, किती सोडून जातील, किती दगावतील, पगार किती वाढेल, आणि वीस वर्षांनी द्यायच्या रुपयाची आज किंमत काय, हे सगळं धरून ताळेबंदात आकडा मांडावा लागतो, आणि त्यासाठी ॲक्चुअरीचा अहवाल लागतो. ताळेबंदाच्या टिपांमधली ती ओळ तुम्ही दरवर्षी सही करून पुढे सरकवता. आपल्या एमआयडीसीतून हे काम बहुतेक मुंबई-पुण्याला जातं. का जाऊ नये? इथे माणसंच कुठे आहेत? संपूर्ण देशात फेलो झालेले, म्हणजे सगळे पेपर पार केलेले, ॲक्चुअरी काही शेकड्यांच्या घरात आहेत.

माझं यात काय अडलंय, तेही सांगून टाकते. नव्वदीच्या सुरुवातीला मीही एक पेपर दिला होता. केंद्र मुंबईला. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने गेले, संध्याकाळी पंचवटीनेच परत आले, आणि येताना कसारा घाट चढेपर्यंत मला कळून चुकलं होतं की गेला. पुन्हा बसायला हवं होतं. फी परत भरायची होती, पुस्तकं बाहेरून मागवायची होती, आणि घरात नणंदेचं लग्न काढलेलं. नाही बसले. रडगाणं गात नाही, चांगली नोकरी होती, सुखाने संसार झाला. पण एका नापासावर हिशेब बंद होतो म्हणजे काय, ते मी आतून पाहिलेलं आहे.

आता तक्रारी.

पहिली, तुमच्या वर्षाची. मार्च ते मार्च. मागच्या बैठकीत न्यासाच्या अधिकाऱ्यांनी मला समजावलं की सीएसआरचा पैसा त्या-त्या वर्षीच खर्चावा लागतो, पुढच्या वर्षाचं वचन देता येत नाही. मी घरी येऊन नियम वाचले. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के, बरोबर. पण त्यातच 'चालू प्रकल्प' अशी सोय आहे. ज्या वर्षी काम सुरू झालं ते वर्ष सोडून पुढे आणखी तीन वर्षं तो चालवता येतो. वर्षअखेर पैसे उरले तर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचे आणि त्याच कामावर वापरायचे. म्हणजे चार वर्षं झाली. कायदा आडवा येत नाही. आडवी येते ती सवय. ॲक्चुअरीचे पेपर डझनभराच्या वर आहेत, ते वर्षातून दोनदा होतात, आणि नोकरी करत करत देणाऱ्याची सहा-आठ वर्षं सहज जातात. अशा वाटेवरच्या मुलाला एका वर्षाचा पैसा देणं म्हणजे कसाऱ्यापर्यंतचं तिकीट काढून देणं.

दुसरी तक्रार फोटोची. तुम्ही दप्तरं वाटता, सायकली वाटता, डिजिटल फळे बसवता. चांगलं आहे. डिजिटल फळ्याच्या खुंटीला मुलांनी दप्तरं अडकवलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत, कारण वर्गात खुंट्या तेवढ्याच होत्या. ते राहू द्या. गणित शिकणाऱ्या मुलाचा फोटो काढता येत नाही. काढला तर डोकं खाली घालून बसलेलं पोर दिसतं, दोन तास तसंच. अहवालात छापायला त्याचा उपयोग नाही, हे मला समजतं. पण म्हणून तो खर्च 'दिसत नाही' असं बैठकीत म्हणायचं?

तिसरी तक्रार त्या अहवालाचीच. चार मुलांच्या फीसाठी आमच्याकडे 'परिणाम मूल्यमापन' मागितलं गेलं, त्रयस्थ संस्थेकडून. त्या संस्थेचं शुल्क चौघांच्या वर्षभराच्या फीपेक्षा जास्त होतं. कायद्याने हे मूल्यमापन कुणाला लागतं? ज्या कंपनीची सीएसआरची सरासरी जबाबदारी १० कोटी किंवा वर आहे, तिच्या १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांना. आमची रक्कम किती होती ते लिहायला मला लाज वाटते, इतकी लहान. चार गुणपत्रिकांच्या झेरॉक्सवर सगळा परिणाम दिसला असता.

चौथी, नापासाची. तुमच्या अर्जावर अट होती की एकही पेपर राहिला तर मदत थांबेल. ही अट लिहिणाऱ्याने या परीक्षेचे निकाल पाहिलेले नाहीत. चांगली-चांगली मुलं तीन-तीनदा देतात. या परीक्षेत नापास होणं अभ्यासक्रमातच धरलेलं असतं म्हणा ना. त्यात फी आधी खिशातून भरा, पावती लावा, मग परत मिळेल, अशीही पद्धत. ज्याच्या खिशात आहे त्याला तुमची गरजच काय?

पाचवी गोष्ट तुमच्याविरुद्ध नाही म्हणा, पण तुमच्या पैशांनी सुटण्यासारखी आहे. अकरावी कॉमर्सला पोरं विचारतात, मॅथ्स घेऊ की एसपी? एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस. शहरात निदान विचारता तरी येतं. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात अनेकदा मॅथ्सला शिक्षकच नसतो, मग सगळी तुकडी एसपीत. सोळाव्या वर्षी ज्या मुलीला गणित सोडायला लागलं, तिला बाविसाव्या वर्षी ॲक्चुअरीची शिष्यवृत्ती जाहीर करून काय उपयोग? अर्जच येत नाहीत, असं मला एका विश्वस्तांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं होतं. येतील कुठून?

आणि सिंहस्थ. २०२७ जवळ आलं आहे, पैसा तिकडे वळतो आहे. मी याच गावची, रामकुंडावर माझ्याही घरचे विधी झालेत, कुंभाला विरोध करायला मला वेड लागलेलं नाही. एवढंच म्हणते की स्वच्छतागृहं आणि पाण्याची सोय बारा वर्षांनी एकदा लागते, तेव्हा जास्त द्या. मुलांची परीक्षा दर सहा महिन्यांनी आहे. तिच्यातून काढून तिकडे देऊ नका.

वर्गात या सालाचा एक खेळ आम्ही करतो. २०२७ चे अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा. ७२२० वजा ०२२७, ६९९३. पुन्हा तेच. ९९६३ वजा ३६९९, ६२६४. ६६४२ वजा २४६६, ४१७६. ७६४१ वजा १४६७, ६१७४. आणि आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. चारही अंक सारखे नसले की कुठलाही चार अंकी आकडा जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येऊन थांबतो. आठवीची पोरं आपापल्या घरातल्या मोबाइल नंबरांचे शेवटचे चार अंक घेऊन तासभर वजाबाक्या करतात, एरवी दहा उदाहरणं द्यायची म्हटली तर पोट दुखतं त्यांचं. हे शोधून काढलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी, १९४९ साली. ते देवळालीच्या शाळेत मास्तर होते, १९३० ते १९६२. त्यांच्या एका प्रकारच्या संख्यांना 'देवळाली संख्या' असं नाव आहे. या गावाचं नाव जगाच्या गणितात त्यामुळे आहे. आणि या माणसाला निवृत्तीनंतर, पत्नी गेल्यावर, पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९७५ ला अमेरिकेतल्या एका मासिकातल्या स्तंभाने त्यांची ओळख जगाला करून दिली. ते १९८६ ला इथेच गेले. तेव्हाही या शहरात कारखाने होते, न्यास होते.

याहून जुनं उदाहरण हवं असेल तर मनमाडवरून पुढे जा, चाळीसगावजवळ पाटण आहे. तिथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला दान दिलं, आणि मठाचा खर्च कशातून चालायचा ते दगडावर मराठीत कोरलं. गावात विकल्या जाणाऱ्या मालावरचा अमुक वाटा. आणि गावात जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी-पळी तेल. मला ही पळी फार आवडते. तेल्याने घाणा चालवायचा आणि त्यातली एक पळी गणिताच्या दिव्यासाठी काढून ठेवायची. त्याला फलक नाही, वर्षअखेरचा अहवाल नाही, आणि यंदा तेलाचे प्राधान्यक्रम बदलले असं पत्रही नाही. घाणा फिरतोय तोवर तेल. तुमचे घाणे फिरत आहेत, सातपूरला संध्याकाळी शिफ्ट सुटताना रस्ता ओलांडता येत नाही यावरून कळतं.

मागण्या साध्या आहेत.

मधेच तोडलेल्या चौघांची मदत पुन्हा सुरू करा, आणि इथून पुढे ज्या मुलाला हात द्याल त्याला चार वर्षांचं लेखी वचन द्या, कायदा तेवढं देऊ देतो. फी नोंदणीच्या मुदतीआधी थेट भरा, पावतीची परतफेड नको. नापास झाल्यावरही त्याच पेपरची फी आणखी दोनदा द्या. परीक्षेला बसलाच नाही तर मात्र वसूल करा, त्याला माझा पाठिंबा आहे.

नाशिक रोड भागात एक अभ्यासिका द्या, सहा लॅपटॉपांची, रात्री नऊपर्यंत उघडी. संख्याशास्त्राच्या पेपरांचा एक भाग संगणकावर असतो, 'आर' नावाच्या भाषेत. ती भाषा फुकट आहे, लॅपटॉप फुकट नाही. माझी मुलगी, म्हणजे पेठची, ती मोबाइलवर करते. त्या एवढ्याशा पडद्यावर एक कंस सुटला की शोधायला तिला पंधरा मिनिटं लागतात. परीक्षेत पंधरा मिनिटं कुणाकडे असतात?

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी, या चार तालुक्यांत प्रत्येकी एका ज्युनिअर कॉलेजात कॉमर्सच्या गणिताच्या शिक्षकाचा पगार उचला. चार पगार. तुमच्यापैकी चार कंपन्यांनी एकेक घेतला तर बैठकीत त्यावर चर्चा करायलाही वेळ लागायचा नाही.

आणि शेवटचं बिनपैशाचं आहे. तुमचं ग्रॅच्युइटीचं काम जो ॲक्चुअरी करतो, त्याला सांगा की या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकचं एक पोर हाताखाली घ्या. तुम्ही त्याचे अशील आहात, तुमचा शब्द तो खाली पडू देणार नाही. ज्या ऑफिसात मला कधी आत जाता आलं नाही तिथे ते पोर दोन महिने बसेल.

कुणाचं उत्तर आलं तर तेही मी चारचौघांतच वाचून दाखवीन, हे आधीच सांगून ठेवते. रागावू नका.

समक्ष बघायचं असेल तर रविवारी सकाळी साडेआठला या. या रविवारी नको, पेठला भाताची आवणी चालू आहे आणि ती मुलगी घरी गेली आहे. पुढच्या रविवारी येईल. येताना गाडी शाळेच्या फाटकात लावू नका, दूधवाल्याची वाट अडते. जिन्याखालची खोली, किल्ली शिपाईमामांकडे असते. पुढच्या खेपेची नोंदणी दिवाळीच्या आत उघडेल, त्या मुलीचा अर्ज मी भरून ठेवला आहे. फीचा रकाना तेवढा कोरा आहे.

आपली,
रविवारच्या वर्गाची बाई
देवळाली गाव, नाशिक रोड